जुळे सोलापुरातलं एक घर आणि दुपारी चारचं ऊन

घर साधंच. जुळे सोलापुरात तीस बाय पन्नासचा प्लॉट, त्यावर तळमजल्याचं स्लॅबचं बांधकाम, वर मोकळी गच्ची. रस्ता पश्चिमेला, म्हणून दारही पश्चिमेला, आणि दाराच्या उत्तरेला मोठी बेडरूम. पुढे दहा फुटांचं अंगण, त्यात कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले. पूर्वी तिथे कडुनिंब होता. फेब्रुवारी-मार्चमधल्या पानगळीला आणि गाडी लावायच्या अडचणीला कंटाळून तो काढला. राहणारी माणसं चार: शाळेतून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा आणि सून.

तक्रार प्रत्येक सोलापूरकराच्या ओळखीची. मार्च उजाडला की बेडरूम तापते, दुपारी दीड-दोनला एसी लागतो, आणि रात्री नऊला झोपायला जावं तर पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, म्हणून एसी पुन्हा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. एप्रिल-मेची बिलं ५०० युनिटांच्या वर जायची. काका रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. त्यानं तासभर बरं वाटायचं, पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा उपाय टिकणारा नव्हता. घराच्या बागा आखून देणं हे माझं काम. त्यांचा प्रश्न सरळ होता: पुढे लॉन आणि चार झाडं लावली तर बिल कमी होईल का?

लॉननं होणार नाही. झाडांनी होईल, पण ती कुठे लावता त्यावर सगळं आहे. आणि सुरुवात अंगणातून नव्हे, गच्चीवरून करावी लागेल. या उत्तरामागची कारणं नीट सांगतो, कारण या विषयावर जे सल्ले सर्रास फिरतात त्यातले बरेचसे थंड प्रदेशातून आलेले असतात. ‘दक्षिणेला पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल’ हा त्यातला सगळ्यात लाडका सल्ला. जिथे हिवाळ्यात घर गरम करायला पैसे लागतात तिथे तो अगदी बरोबर आहे. सोलापुरात तो पाळला तर झाड चुकीच्या बाजूला आणि चुकीच्या जातीचं लागतं.

सूर्य इथे कुठून येतो

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एप्रिलच्या शेवटीही तो दुपारी ८५ अंशांवर असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जेमतेम घासून जातं. सगळा मार गच्चीवर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर.

पश्चिम म्हणजे नेमकी कुठली, हेही पाहावं लागतं. एप्रिलच्या शेवटी दुपारी चार वाजता सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला, ३८ अंश उंचीवर असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वेळी तो पश्चिमेपासून दहा-बारा अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून बेडरूमच्या खिडकीवर सावली पाडायची तर झाड खिडकीच्या समोर, किंचित वायव्येकडे हवं. काकांचं म्हणणं, मोठं झाड नैऋत्येलाच हवं, वास्तूत तसंच सांगितलंय. नैऋत्येचं झाड मार्चमध्ये थोडं कामाला येतं, मेमध्ये अजिबात नाही. शिवाय त्या कोपऱ्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. तारांखालच्या झाडाच्या फांद्या दर पावसाळ्याआधी छाटल्या जातात आणि झाड खुरटतं. तारांचं कारण काकांना पटलं आणि वाद मिटला.

जागा ठरवायला कागदी आकडेमोडीपेक्षा सोपी रीत आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार वाजता अंगणात उभं राहायचं, हातात लांब बांबू घ्यायचा, आणि त्याच्या टोकाची सावली खिडकीच्या मधोमध पडेल अशी जागा शोधायची. सुनेनं बांबू धरला, मुलानं खडूनं फुली मारली. फुली भिंतीपासून आठ फुटांवर आली. ३८ अंशाच्या उन्हात झाड भिंतीपासून जितकं लांब, त्याच्या साधारण आठ दशांश इतकी उंची सावलीच्या वरच्या कडेत कमी होते. आठ फुटांवरच्या झाडाची साडेसहा फूट उंची तिथेच खर्च झाली. खिडकीची वरची कड सात फुटांवर, म्हणजे साडेतेरा-चौदा फुटांचं झाड खिडकी झाकतं, आणि अकरा फुटांची पूर्ण भिंत झाकायला सतरा-अठरा फूट पुरतात. त्यासाठी जंगली वृक्ष लागत नाही.

आधी गच्ची

भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. शेवाळानं काळपटलेली गच्ची त्यातलं बहुतेक पिऊन टाकते. बारा बाय बाराच्या बेडरूमचं छत सव्वातेरा चौरस मीटरचं. खोली एसीनं गार ठेवली असेल तर ढोबळ हिशेबानं भर उन्हात या एकट्या छतातून दीड किलोवॉटच्या पुढे उष्णता आत उतरते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद, म्हणजे दीड टनाच्या एसीचा चौथा ते तिसरा हिस्सा केवळ छताशी भांडण्यात जातो. आणि स्लॅबमधून उष्णता झिरपायला काही तास लागतात. एक वाजताचं ऊन खोलीत सगळ्यात जास्त जाणवतं ते संध्याकाळी, आणि रात्री उशिरापर्यंत स्लॅब ते ओकत राहतो. रात्रीचा एसी कमी करायचा तर सावली दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान गच्चीवर पडायला हवी. सूर्य डोक्यावर असताना बाजूच्या झाडाची सावली गच्चीवर पडतच नाही. पडते ती फक्त वर टाकलेल्या मांडवाची.

मुलाची इच्छा होती की स्लॅबवर मातीचा थर देऊन हिरवं छत करावं. त्याला मी ठाम नकार दिला. ओली माती घनमीटरला दीड-पावणेदोन टन भरते. सहा इंचांचा थर म्हणजे दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात वजन. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दीडशे किलोच्या आसपास आहे. इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय जुन्या स्लॅबवर असा थर टाकणं म्हणजे घराशी खेळ. जुन्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, आठवण बरेच जण काढतात, आणि त्या घरांचा गारवा खरा होता. पण त्याखाली ते वजन पेलणाऱ्या तुळया आणि हातभर जाडीच्या भिंती होत्या.

म्हणून तीन थरांत काम केलं. पहिलं, गच्ची घासून धुऊन चुन्याचे दोन हात दिले. दुसरं, बेडरूमवर सात फूट उंचीचा लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर तारांची जाळी, आणि पहिल्या उन्हाळ्यापुरतं पन्नास टक्के सावलीचं हिरवं शेडनेट. तिसरं, वेल. मांडवासाठी मधुमालती निवडली, आणि ती गच्चीवर न लावता खाली जमिनीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दीड फुटावर लावून तारेनं वर चढवली. कुंडीतल्या वेलाला गच्चीच्या तापात रोज पाणी द्यावं लागतं आणि एखादा दिवस चुकला की पानं करपतात. जमिनीतली मधुमालती एकदा रुजली की आठवड्यात दोन पाण्यांवर तगते, आणि स्लॅबवर वेलीशिवाय वजन येत नाही. ती वर पोचेपर्यंत दोन अर्ध्या ड्रममध्ये जानेवारीत दोडका आणि गोकर्ण लावले. ड्रम मुद्दाम तुळईच्या रेषेवर, कठड्याला लागून ठेवले.

या योजनेला खरा विरोध आला तो काकूंकडून. ‘मग आमच्या कुरडया कुठं वाळवायच्या ओ?’ एप्रिलमध्ये गच्ची ही घराची वाळवणाची जागा असते. कुरडया, शेवया, सांडगे, ज्वारीचे पापड, वर्षाचं तिखट. मांडवानं हे ऊन खाल्लं असतं तर पुढच्या वर्षी मांडव राहिला नसता. म्हणून तो पूर्ण गच्चीवर न घालता फक्त बेडरूमवर घातला आणि जिन्याच्या बाजूचा पूर्वेचा अर्धा भाग मोकळा सोडला. मला हा निर्णय सगळ्या योजनेतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरातली बाई ज्या बागेवर नाराज असते, ती बाग दोन वर्षांत वाळते.

मेमध्ये वळवाच्या वाऱ्यानं शेडनेटचा एक कोपरा फाडून कठड्यापलीकडे नेला. त्यानंतर नेट पक्कं बांधायचं सोडून हुकांवर अडकवलं, आभाळ भरून आलं की गुंडाळता येईल असं. सांगाड्याचे पायही कठड्याच्या खांबांना पट्ट्यांनी आवळले. गच्चीवरच्या मांडवाला वजनापेक्षा वारा जास्त धोक्याचा. मांडव खाली बसत नाही, वर उडतो.

पश्चिमेचं झाड आणि जाळी

झाडांची निवड करताना मी एकच कसोटी लावली: एप्रिल-मेमध्ये अंगावर दाट पानं असतात का? बहावा आमच्याकडे सुंदर फुलतो, पण नेमक्या त्याच दिवसांत त्याची पानं विरळ झालेली असतात. गुलमोहराचंही तेच, वर त्याच्या फांद्या वादळात मोडतात. चाफा तर उन्हाळ्याच्या तोंडावर नुसत्या काड्या घेऊन उभा असतो. ही झाडं रस्त्याकडेला जरूर लावावीत. बिल कमी करायला त्यांचा उपयोग नाही. कडुनिंब मार्चमध्ये पानं टाकून लगेच नवी पालवी धरतो, त्यामुळे तो कसोटीला उतरतो. पण आठ फुटांच्या अंतरावर त्याचा पसारा आणि मुळं जास्त होतात. वड-पिंपळांचा विचारच नको.

फुलीवर करंज लावला, त्याच्या दक्षिणेला बकुळ, आणि दोघांच्या मध्ये शेवग्याची फांदी रोवली. करंज काटक, पाण्याचा ताण सोसणारा, नवी पालवी लवकर धरणारा. बकुळ बारमाही हिरवी, पण चालीनं संथ. शेवगा वर्षभरात पंधरा फूट जातो. त्याची सावली झिरझिरीत, फांद्या ठिसूळ, पण पहिली तीन वर्षं तोच काम करतो. लावताना सगळ्यांना सांगितलं होतं की करंज वर आला की शेवगा काढायचा. (मोठी झालेली झाडं शहरात मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे काय काढायचं ते लावतानाच विचारात घ्यावं.)

सोलापुरात झाड आणि भिंत यांच्यातल्या अंतराला आणखी एक कारण आहे, काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पायाजवळचं झाड एका बाजूची ओल ओढून घेतं आणि भिंतीला तिरप्या चिरा जातात. इथे खड्डा खणला तेव्हा दोन फुटांवर मुरूम लागला, म्हणून आठ फूट अंतर मी मान्य केलं. सहा-सात फूट निव्वळ काळी माती असती तर करंज लावलाच नसता, वेलींवर भागवलं असतं. आळंही खोडाच्या रस्त्याकडच्या बाजूला मोठं केलं, मुळं तिकडे वळावीत म्हणून.

पाच वाजता सूर्य २४-२५ अंशांवर उतरतो आणि ऊन झाडाच्या घेराखालून आडवं आत शिरतं. झाडाची खालची पानं वाढवून ते अडवता आलं असतं, पण मग संध्याकाळचा वाराही अडला असता. झाडाचं खोड सहा फुटांपर्यंत मोकळं ठेवलं आणि या उन्हासाठी भिंतीपासून नऊ इंच सोडून तारांची जाळी उभी केली. खालून तीच मधुमालती, जोडीला गोकर्ण. नऊ इंचांची फट सोडायलाच हवी. भिंतीला चिकटणारी वेल ओल धरते, मुंग्या आणते, रंग उचकटते. फटीतून हवा वर सरकत राहते आणि तापलेली पानंही भिंतीला उष्णता देत नाहीत. एसीचं बाहेरचं यंत्र याच भिंतीवर होतं. त्यावर फक्त वरून छोटं छप्पर दिलं आणि समोर दोन-अडीच फूट जागा पूर्ण मोकळी ठेवली. यंत्राभोवती झाडी दाटवली की ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं, आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

लॉन का नको

चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लॉनला रोज पाच-सात मिलिमीटर तरी लागतं. अंगण तीनशे चौरस फुटांचं, म्हणजे रोज दीडशे लिटरच्या पुढे पाणी, तेही बोअर आटायच्या दिवसांत. टँकर आणून गवत जगवायचं आणि विजेचे पैसे वाचवायचे, हा हिशेब कुठेच बसत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना दोन तृतीयांश युनिटाच्या जवळपास उष्णता खेचली जाते हे खरं, पण उघड्या अंगणात तो गारवा वाऱ्याबरोबर निघून जातो. घराला उपयोग होतो तो सावलीचा.

पेव्हर ब्लॉक गाडीच्या जागेपुरते ठेवले, उरलेले उचलले. तिथे अडुळसा, गवती चहा, कोरफड, कडेला चिनी गुलाब, आणि उघड्या मातीवर चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन. जी पानगळ पूर्वी झाडून गेटबाहेर जायची ती आता इथेच पसरते. न्हाणीघराचं पाणी पाइपानं करंज-बकुळीच्या आळ्यांत सोडलं. चार माणसांच्या आंघोळीचं पाणी या झाडांना उन्हाळाभर पुरतं. कपडे धुण्याचं पाणी मात्र गटारातच जाऊ दिलं, कारण साबणाच्या पावडरीतला सोडिअम काळ्या मातीची चाळण बुजवतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाणी मुरेनासं होतं. लागवड जुलैत केली. इथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. जुलैत लावलेल्या रोपाला तो पाऊस मुळं खाली न्यायला मिळतो.

बिलाचं काय झालं

पहिल्या उन्हाळ्यात जी बचत झाली ती झाडांची नव्हती. ती चुन्याची आणि शेडनेटची होती, आणि हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं. वेली मांडवभर पसरल्या दुसऱ्या वर्षी, शेवग्याची सावली खिडकीवर आली तीही तेव्हाच, आणि करंज कामाला लागला तिसऱ्या उन्हाळ्यात. शिवाय एसीची जाळी वेळच्या वेळी धुतली जाऊ लागली आणि तापमान २४ वर ठेवायची सवय लागली. त्याचाही वाटा आहेच.

फरक आधी पायाला कळला. मांडवाखालच्या गच्चीवर काकू एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभ्या राहतात. दोन पावलं पलीकडे, वाळवणाच्या उघड्या भागात, चुना असूनही पाय ठरत नाही. मग वेळापत्रक बदललं. दुपारी आता कूलरवर भागतं. सोलापूरची कोरडी हवा कूलरला पोषक, आणि दोनशे वॉटचा कूलर दीड हजार वॉटच्या एसीची जागा घेतो. पूर्वी छतच इतकं तापायचं की कूलरचं काही चालत नव्हतं. रात्रीचा एसी नऊऐवजी अकराच्या सुमाराला लागतो. जूनमध्ये दमट हवा आली की कूलर बंद आणि एसी पुन्हा, ते काही टळत नाही.

दीड टनाचा जुना एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो. दिवसाला तीन तास कमी चालला तरी चार युनिटं, महिन्याला सव्वाशेच्या घरात. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० पर्यंत एक, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, आणि त्यापुढे सगळ्यात जास्त. वाचणारी युनिटं नेहमी वरच्या टप्प्यातली असतात, म्हणून वापर जितका घटतो त्याहून बिल जास्त घटतं. या घराचं एप्रिलचं बिल आता ५०० युनिटांच्या आत राहतं. मेमध्ये लाट आली की ते काठावर जातं. ३०० च्या खाली ते झाडांनी येणार नाही.

मुलगा आता सौर पॅनेलचं पाहतोय. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पॅनेल गच्चीच्या दक्षिण भागावर, जिन्याच्या पुढे बसतील. करंज वायव्येला असल्यानं त्याची सावली दिवसाच्या कामाच्या वेळेत तिथे पोचत नाही. नैऋत्येला मोठं झाड असतं तर हिवाळ्यातल्या दुपारी पॅनेल झाकोळली असती. पॅनेलांखाली स्वयंपाकघराचं छतही सावलीत येईल. मधुमालती तिकडे सरकू नये म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि फेब्रुवारीत, छाटावी लागेल.

शेवगा मात्र अजून उभा आहे. करंज अठरा फुटांवर गेला तेव्हा ठरल्याप्रमाणे तो काढायचा विषय निघाला, पण शेंगा शेजारच्या चार घरांत जातात आणि काकू तयार नाहीत. तूर्त करंजावर येणाऱ्या त्याच्या फांद्या छाटल्या आहेत.